स्टोरीवीव्हरवरची मराठी पुस्तके: स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी पातळी कशी निवडावी

मूल अक्षरे जुळवून वाचू लागले की घरात आनंद होतो, आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो की आता त्याच्या हातात कोणते पुस्तक द्यायचे. दुकानात बहुधा मुलाचे वय विचारले जाते आणि त्या वयाचा खण दाखवला जातो. पण दुसरीच्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एक जण सलग गोष्ट वाचतो आणि दुसरा अजून काना-मात्रेशी झगडत असतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. वयाऐवजी वाचनाच्या पातळीनुसार पुस्तके लावून देणारी, मराठीत भरपूर पुस्तके असलेली आणि वाचकाकडून पैसे न घेणारी सोय म्हणजे प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ. आमच्या वस्तीतल्या मुलांच्या वाचनगटासाठी मी ते नियमित वापरते. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे: मराठीत स्वतःचे स्वतः वाचू पाहणाऱ्या मुलाला त्याला पेलेल असे पुस्तक इथे मिळते का? माझे उत्तर ‘मिळते’ असेच आहे. मात्र ते पुस्तकावर छापलेल्या पातळीच्या आकड्यामुळे मिळते असे मला वाटत नाही. अख्खे पुस्तक निवडण्याआधीच उघडून मुलाकडून वाचून घेता येते, आणि निवड खरी त्यामुळे साधते.

आधी थोडी ओळख. प्रथम बुक्स ही ना-नफा प्रकाशन संस्था २००४ साली सुरू झाली. मुंबईच्या वस्त्यांमधून १९९५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या कामातून तिची कल्पना पुढे आली: मुलांना वाचायला शिकवायचे तर त्यांच्या भाषेत, परवडतील अशी पुस्तकेही हवीत. स्टोरीवीव्हर सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांचे श्रेय राखून त्या कुणीही वाचाव्यात, छापाव्यात, दुसऱ्या भाषेत न्याव्यात. वाचण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. पुस्तक उतरवून घ्यायचे असेल तर मात्र नाव नोंदवावे लागते. शोधताना भाषा, पातळी, विषय आणि प्रकाशक अशा चाळण्या लावता येतात. मराठी निवडून पातळी निवडली की मुखपृष्ठांची रांग समोर येते, आणि कोणतेही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उघडते.

पातळ्या चार आहेत. पहिली पातळी वाचायला सुरुवात करण्यास उत्सुक असलेल्या मुलांसाठी: सोपे शब्द, त्यांची पुनरावृत्ती आणि एकूण शब्द २५० पेक्षा कमी. दुसरी पातळी ओळखीचे शब्द वाचणाऱ्या आणि नवे शब्द मदतीने वाचणाऱ्या मुलांसाठी: सोप्या कल्पना आणि ६०० पर्यंत शब्द. तिसरी स्वतःहून वाचायला तयार झालेल्यांसाठी: लांब वाक्ये आणि १,५०० पर्यंत शब्द. चौथी सराईतपणे, आत्मविश्वासाने वाचणाऱ्यांसाठी: १,५०० शब्दांहून मोठ्या, अधिक गुंतागुंतीच्या गोष्टी. पुस्तकाच्या मलपृष्ठावरही त्याची पातळी नोंदलेली असते.

हे वर्णन वाचून पुष्कळ पालकांची एक समजूत होते, आणि ती मुलाच्या वाचनाला बाधक ठरते. ‘स्वतःहून वाचणे’ हे शब्द तिसऱ्या पातळीपुढे लिहिलेले आहेत, म्हणून मुलाला स्वतंत्र वाचक करायचे तर त्याला लवकरात लवकर तिसऱ्या पातळीवर न्यायला हवे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावरचे मूल कोणते ना कोणते पुस्तक कुणाच्याही मदतीशिवाय वाचू शकते. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेली मुलगी पहिल्या पातळीचे एखादे पुस्तक पूर्णपणे स्वतःच्या बळावर वाचते, आणि तेच पुस्तक तिच्यासाठी त्या वेळी स्वतंत्र वाचनाचे पुस्तक असते. चौथीतला मुलगा तिसऱ्या पातळीचे पुस्तक अडखळत, अर्थ निसटत वाचत असेल तर मलपृष्ठावर काहीही लिहिलेले असो, त्याचे ते वाचन स्वतंत्र म्हणता येणार नाही.

मग स्वतंत्र वाचनाची पातळी ओळखायची कशी? या बाबतीत आजही आधाराला घेतले जाणारे निकष एमेट बेट्स या अमेरिकी वाचनतज्ज्ञाने १९४६ साली मांडले. मूल एखादा मजकूर वाचताना शंभरातले निदान ९९ शब्द बरोबर वाचत असेल आणि त्यातला ९० टक्के आशय त्याला समजला असेल, तर तो मजकूर त्याने एकट्याने वाचावा. ९५ टक्के शब्द बरोबर आणि ७५ टक्के आकलन असेल तर तो शिक्षकाच्या सोबतीने वाचावा. अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेली किंवा निम्मा आशयही हाती लागेना, की तो मजकूर मुलाला निराश करतो. पुढे न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मुलांच्या वाचनाची नोंद ठेवण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात ९५ टक्क्यांच्या वरचा मजकूर सोपा मानला जातो, म्हणजे तिथे माप थोडे सैल आहे. घरी वापरायला मला क्ले यांचे माप बरे वाटते, कारण मराठी मुलांच्या काही चुका उच्चाराच्या किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात आणि त्यांनी अर्थाला धक्का लागत नाही. आकलनाचा भाग मात्र सैल करू नये.

‘पाच बोटांचा नियम’ पुष्कळांनी ऐकलेला असतो: एक पान वाचताना न जमलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचे आणि पाच बोटे मिटली की पुस्तक अवघड समजायचे. हा नियम शंभरेक शब्दांच्या पानासाठी ठीक आहे, कारण शंभरात पाच चुका म्हणजे ९५ टक्के. स्टोरीवीव्हरच्या तिसऱ्या पातळीच्या भरगच्च पानावर तो बऱ्यापैकी लागू पडतो. पहिल्या पातळीवर तो फसवा आहे. तिथे एका पानावर कित्येकदा आठ-दहाच शब्द असतात. त्यांतले चार अडले तरी बोटे शिल्लक राहतात आणि पुस्तक ‘जमते’ असे वाटते, पण मुलाला जवळजवळ निम्मे पान वाचता आलेले नसते. म्हणून पहिल्या पातळीचे पुस्तक पानाने न मोजता सगळे वाचून घ्यावे. अडीचशेच्या आतलेच शब्द असतात, पाच-दहा मिनिटांत होते. सगळ्या पुस्तकात मिळून पाच-सहा ठिकाणी अडले तर काळजी नाही. दर पानाला अडत असेल तर ते पुस्तक आपण वाचून दाखवावे आणि एकट्याने वाचण्यासाठी दुसरे काढून द्यावे. दुकानातल्या किंवा वाचनालयातल्या पुस्तकाबाबत इतकी मोकळीक सहसा मिळत नाही. स्टोरीवीव्हरवर ती आहे, आणि नेमक्या याच कामासाठी मी ते इतरांना सुचवते.

आता या पातळ्यांच्या मर्यादेकडे येते. वर दिलेल्या निकषांत आकड्यांत मोजलेली गोष्ट एकच आहे, शब्दसंख्या. मराठी लिपी आणि मराठी शब्दांची घडण लक्षात घेतली तर शब्दसंख्येवरून अवघडपणाचा अंदाज फार थोडा येतो. ‘बाळू पळत पळत नदीवर गेला’ हे पाच शब्दांचे वाक्य आहे. ‘शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्म जंतू न्याहाळले’ हेही पाचच शब्दांचे आहे. पहिलीच्या दुसऱ्या सत्रातले मूल पहिले वाक्य वाचून हसेल आणि दुसऱ्याच्या पहिल्याच शब्दाशी थांबेल. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. इंग्रजीत ज्याला सहा शब्द लागतील ते ‘त्या झाडाच्या फांदीवर’ अशा तीन शब्दांत येते. त्यामुळे इंग्रजीतून आलेली गोष्ट मराठीत शब्दांनी आखूड होते आणि तिचा प्रत्येक शब्द मात्र लांब आणि जड होतो. ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा मोजणीत एक शब्द आहे. नवख्या वाचकाला तो चार शब्दांइतके कष्ट देतो.

त्यात जोडाक्षरे आणि ‘र’ची निरनिराळी रूपे. वाचनगटातली दुसरीतली एक मुलगी दुसऱ्या पातळीचे पुस्तक मोठ्याने वाचत होती. ‘पाऊस पडू लागला’, ‘सगळी मुले अंगणात आली’ हे सारे तिने सहज, वाक्याचा सूर सांभाळून वाचले. ‘वाऱ्याने’ या शब्दाशी ती थबकली, ‘वा… या… ने’ असे म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. ‘पर्वत’ तिने ‘पवरत’ वाचला, कारण रफार डोळ्यांना ‘व’च्या डोक्यावर दिसतो आणि तोंडात मात्र ‘व’च्या आधी येतो. चित्रात डोंगर दिसल्यावर तिने स्वतःच ‘पर्वत, पर्वत’ असे दुरुस्त केले. (मुलाने आपणहून सुधारलेली चूक मोजायची नसते, क्ले यांच्या पद्धतीतही ती चूक धरत नाहीत.) पुस्तक मिटल्यावर गोष्टीत काय झाले हे तिने क्रमाने सांगितले, वाऱ्याने काय उडून गेले तेही सांगितले. म्हणजे ‘वाऱ्याने’ हा शब्द वाचता आला नाही तरी अर्थ तिने पुढच्या वाक्यावरून मिळवला होता. ते पुस्तक तिला एकटीने वाचायला योग्य होते. त्याच पातळीचे, शब्दसंख्येने त्याहूनही लहान असे दुसरे पुस्तक मात्र तिला झेपले नाही. पहिल्याच पानावर ‘स्वच्छता’, ‘आश्चर्य’ आणि ‘प्रयत्न’ एकापाठोपाठ आले, आणि दोन पाने झाल्यावर ती चित्रे चाळू लागली.

म्हणून मराठीपुरती मी स्वतःची एक चाळणी लावते. पातळी कोणतीही असो, मधले एक पान उघडून त्यातली जोडाक्षरे आणि रफार असलेले शब्द नजरेने मोजते. दोन-तीन ओळींत एखाद-दुसरा असेल आणि तोही ‘पुस्तक’, ‘मित्र’, ‘रस्ता’ अशा रोजच्या बोलण्यातला असेल तर पुस्तक पहिली-दुसरीच्या मुलाला द्यायला हरकत नाही. ओळीओळीला असतील तर ते सोबतीने वाचायचे पुस्तक. मधले पान घेण्याचे कारण असे की पहिले पान बहुतेक लेखक जाणीवपूर्वक सोपे ठेवतात.

दुसरा प्रश्न अनुवादाचा आहे, आणि त्याबद्दल मला मोकळेपणाने बोलायला हवे, कारण संकेतस्थळाचे सर्वात मोठे बळ आणि सर्वात मोठा कच्चेपणा दोन्ही इथेच आहेत. खुल्या परवान्यामुळे कुणीही गोष्ट मराठीत आणू शकतो, म्हणूनच मराठीतला साठा इतका वाढला. पण अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाला सहा-सात वर्षांच्या मुलाची भाषा कानात बसलेली असतेच असे नाही. काही गोष्टींत मूल ‘आईसमवेत’ बाजारात जाते, ‘प्रसन्न’ होते आणि ‘त्वरित’ घरी परतते. हे शब्द मुलाने कधी ऐकलेलेच नसतात, त्यामुळे अक्षरे जुळली तरी अर्थ जुळत नाही. काही गोष्टींत एकाच पानावर ‘झालं’ आणि ‘झाले’ ही दोन्ही वळणे मिसळलेली असतात. बोलीतले ‘सांडलं’ आणि लेखी ‘सांडले’ यांपैकी कोणतेही एक मूल लवकर ओळखू लागते. दोन्ही अदलून-बदलून आली की नवख्या वाचकाचा ठेका मोडतो. हिंदीतून आलेल्या गोष्टींत कधी वाक्यरचनाच हिंदी राहते. या उलट, ज्यांचे अनुवाद बारकाईने संपादित झालेले आहेत अशीही पुष्कळ मराठी पुस्तके इथे आहेत, आणि त्यांतले मराठी इतके सहज आहे की गोष्ट मुळात दुसऱ्या भाषेतली होती हे कळू नये.

या दोहोंत फरक करायला पुस्तकाच्या सुरुवातीची आणि शेवटची श्रेयाची पाने पाहावीत. तिथे मूळ भाषा, लेखक, अनुवादक आणि प्रकाशक यांची नोंद असते. प्रकाशक म्हणून प्रथम बुक्स किंवा अन्य प्रकाशन संस्थेचे नाव असेल तर त्यावर संपादकाचा हात फिरलेला असण्याची शक्यता जास्त. हौशी वाचकांनी प्रसिद्ध केलेल्या गोष्टी आधी स्वतः वाचून मगच द्याव्यात. चाळणीत प्रकाशक निवडण्याची सोय आहे, ती मराठी पालकांनी जरूर वापरावी. मोठ्याने वाचून पाहणे ही त्याहून साधी कसोटी आहे: आपल्या तोंडात वाक्य अवघडले तर ते मुलाच्या तोंडात नक्कीच अवघडेल.

अक्षरांच्या वळणाचीही एक अडचण आहे, जी बिगरमराठी संपादकांच्या लक्षात येणे कठीण आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे ग्राह्य धरली, आणि मुले पाठ्यपुस्तकात तीच शिकतात. वेबवरच्या बऱ्याच देवनागरी टंकांत मात्र ही दोन अक्षरे हिंदी वळणाची असतात, आणि इथल्या काही पुस्तकांतही तीच दिसतात. सराईत वाचकाला फरक जाणवतही नाही. जे मूल अजून अक्षर ओळखून मग वाचते, त्याला ‘शाळा’ हा शब्द अनोळखी वाटू शकतो आणि आपण ती त्याची चूक समजतो. पहिल्या पातळीचे पुस्तक निवडताना एवढे पाहून घ्यावे.

मुलाला कोणत्या पातळीपासून सुरू करायचे हे ठरवायला ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातली चाचणी उपयोगी पडते. २००५ पासून देशभर ग्रामीण भागात होणाऱ्या या सर्वेक्षणात मुलाला अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या स्तराचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या स्तराची छोटी गोष्ट वाचायला देतात. चाचणीचा कागद मराठीतही आहे आणि तो उतरवून घेता येतो. मी बसवलेली सांगड साधी आहे. अक्षरांच्या टप्प्यावरच्या मुलाला पुस्तके वाचून दाखवावीत आणि पहिल्या पातळीचे पुस्तक बोट ठेवून सोबतीने वाचावे. शब्द वाचणाऱ्याने पहिल्या पातळीची, परिच्छेद वाचणाऱ्याने पहिल्या-दुसऱ्या पातळीची पुस्तके एकट्याने वाचावीत. आणि गोष्ट सहज वाचणाऱ्या मुलापुढे दुसरी-तिसरी पातळी खुली करावी. प्रत्येक वेळी थोडे खालून सुरू करावे. सोपे पुस्तक मुलाचे नुकसान करत नाही, उलट सलग वाचण्याची चव त्याला तिथेच लागते.

इथे वेगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे उद्दिष्ट आहे, आणि शाळांमधून ते पालकांपर्यंत पोहोचले आहे. उद्दिष्टात ‘अर्थ समजून’ हे शब्द आहेत, पण घरी घड्याळ लावून बसणारे पालक मला भेटतात आणि त्या घाईत ते नेमके हेच विसरतात. पुस्तक निवडताना वेग पाहू नये. मूल कुठे थांबते, थांबून काय करते, आणि शेवटी गोष्ट आपल्या शब्दांत सांगते का, एवढे पाहिले तर पातळी आपोआप कळते.

पातळ्यांच्या आतला पल्लाही लक्षात ठेवावा. दुसरी पातळी ६०० शब्दांशी संपते आणि तिसरी १,५०० पर्यंत जाते, म्हणजे साडेसहाशे शब्दांचे आणि साडेचौदाशे शब्दांचे पुस्तक एकाच रकान्यात येतात. दुसरीवरून तिसरीवर गेलेली मुले इथेच हिरमुसतात. पालकांना वाटते की मूल अजून तिसऱ्या पातळीसाठी तयार नाही, आणि ते त्याला पुन्हा मागे नेतात. वास्तविक त्याला त्याच रकान्यातले आखूड पुस्तक हवे असते. चाळणीत शब्दसंख्या निवडता आली असती तर ही अडचण राहिली नसती. तोवर पुस्तक उघडून पानावर किती ओळी आहेत आणि संवाद किती आहेत ते पाहावे. संवाद जास्त असलेले पुस्तक लांब असूनही हलके जाते, कारण वाक्ये छोटी असतात आणि मूल बोलणाऱ्याचा आवाज काढून वाचते.

विषयाची ओढ पातळीपेक्षा बलवत्तर असते हेही इथे वारंवार दिसते. कीटकांचे वेड असलेला मुलगा कीटकांवरच्या पुस्तकात दोन पायऱ्या वरचे शब्द झेलतो, कारण ‘सुरवंट’ आणि ‘कोष’ त्याला आधीच माहीत असतात. माहितीपर पुस्तके, विशेषतः विज्ञान आणि निसर्गाची, ही स्टोरीवीव्हरची मला सर्वात आवडलेली बाजू आहे. मोठ्या पण वाचनात मागे राहिलेल्या मुलांना त्यांचा फार आधार होतो. पाचवीतल्या मुलाच्या हातात पहिल्या पातळीची ससा-कासवाची गोष्ट दिली तर त्याला लाज वाटते. पाणी कुठून येते, विमान कसे उडते अशा विषयावरचे दुसऱ्या पातळीचे पुस्तक तो मान वर करून वाचतो.

हीच अडचण इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची असते. पुण्यातली किंवा न्यू जर्सीतली नऊ-दहा वर्षांची मुलगी इंग्रजीत जाड पुस्तके वाचते आणि मराठीत अजून बाराखडीजवळ असते. तिची दोन भाषांतली पातळी वेगवेगळी धरायला हवी, आणि इंग्रजीतल्या पातळीवरून मराठी पुस्तक कधीही निवडू नये. तिच्यासाठी एक युक्ती चांगली चालते: अनेक गोष्टी इथे इंग्रजी आणि मराठी दोन्हींत आहेत, तेव्हा जी गोष्ट तिला आधी इंग्रजीत आवडली तीच मराठीत काढून द्यावी. कथानक माहीत असल्यामुळे तिचे सगळे लक्ष लिपीवर राहते आणि एक पातळी वरचे पुस्तकही ती निभावून नेते. अनुवाद चांगला आहे ना हे मात्र वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्यावे, कारण अशा मुलांच्या कानावर मराठी कमी पडलेले असते आणि चुकीचे वळण त्यांच्या लक्षात येत नाही.

मोजक्या गोष्टींना आवाजाची जोड आहे; गोष्ट ऐकू येते आणि त्या त्या वेळी शब्द ठळक होत जातात. सुरुवातीच्या वाचकाला हे आवडते, पण ते ऐकणे आहे, स्वतंत्र वाचनाची कसोटी त्यावर लावू नये. पुस्तके उतरवून किंवा साठवून ठेवण्याची सोय असल्याने नेटवर्क नसलेल्या गावातही काम अडत नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र चित्रपुस्तक वाचायला देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे: अक्षरे बारीक होतात, जोडाक्षराचे तुकडे दिसत नाहीत, आणि मूल अडले ते अक्षरामुळे की आकारामुळे हे कळत नाही. पुस्तक उतरवून साध्या कागदावर छापले तरी चालते; परवाना त्याला मुभा देतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी प्रथम बुक्सची छापील पुस्तके घ्यावीत, त्यांवरही हीच पातळी नोंदलेली असते.

चौथ्या पातळीबद्दल मला थोडक्यातच सांगायचे आहे. अस्खलित वाचणाऱ्या मराठी मुलाची भूक इथे पूर्णपणे भागत नाही, आणि बरीचशी पुस्तके अनुवादित असल्याने मराठी मातीतली, मराठीतच सुचलेली गोष्ट त्याला कमी भेटते. त्याच्यासाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची मुळात मराठीत लिहिलेली पुस्तके आणि बालभारतीचे ‘किशोर’ मासिक हवे. ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने आंतरजालावर मोफत खुले केले आहेत. त्यांवर पातळी लिहिलेली नसते, पण एव्हाना मुलाला ती लागतही नाही. तो पान उलटून पाहतो आणि स्वतःच ठरवतो.

एकूण, सहा ते दहा वर्षांच्या मराठी वाचकासाठी, आणि विशेषतः पहिल्या तीन पातळ्यांसाठी, मी स्टोरीवीव्हर आग्रहाने सुचवेन. ग्रामीण शाळेतल्या शिक्षकाला, छोटे वाचनालय चालवणाऱ्याला आणि पुस्तकांवर फार खर्च करू न शकणाऱ्या घराला याच्या तोडीची दुसरी सोय मला माहीत नाही. चालकांकडे माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, मराठी पुस्तकांना शब्दसंख्येबरोबर ‘जोडाक्षरे नाहीत’, ‘थोडी जोडाक्षरे’ अशी एक खूण जोडावी. शाळेत मुले याच क्रमाने शिकतात, त्यामुळे शिक्षकांना ती क्षणात कळेल. दुसरी, पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या मराठी अनुवादांवर प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, मराठी मातृभाषा असलेल्या शिक्षकांकडून एकदा हात फिरवून घ्यावा आणि तशी नोंद मुखपृष्ठाखाली द्यावी. तिसऱ्या पातळीच्या पुस्तकांची संख्या आणखी वाढली नाही तरी चालेल. नुकते वाचू लागलेल्या मुलासाठी सोप्या, घोटलेल्या मराठीतली पुस्तके आधी वाढायला हवीत.